धरणाला तडे गेल्याची क्लिप

ती क्लिप मला माझ्या आईने पाठवली. ती अकोल्याला असते, मी नोकरीसाठी अमरावतीला. पावसाळ्यात आमच्या कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात माझं काम एवढंच: कुठला रस्ता बंद झाला, कुठल्या पुलावरून पाणी गेलं, कुठलं धरण किती भरलं, हे पत्रकारांना आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांना कळवायचं. पाऊस दोन-तीन दिवस धरून होता. मी डबा भरत होते, तेवढ्यात फोन वाजला.

क्लिपमध्ये भोंग्यावरून एक पुरुष बोलत होता. आवाज फाटलेला, मागे कोंबड्यांचा कलकलाट. "धरणाच्या भिंतीला तडे गेले आहेत. नदीकाठच्या सर्व लोकांनी शाळेच्या उंच जागेवर जावे. दावणीची जनावरं मोकळी सोडा, त्यांच्यामागे थांबू नका." पुढचं वाक्य मध्येच तुटलं होतं.

मी कार्यालयात फोन करून खात्री करून घेतली, तेवढ्यात आईचा फोन आला. "हे खरं हाये का वो? तू तं त्याच कामात हायेस."

"खोटं हाये आई. आता मी हापिसात फोन केला होता. भिंतीले काई झालं नाई."

ती म्हणाली, "तुले तसं सांगाले लावलं असन."

मला राग आला नाही. माझ्या सख्ख्या आईला माझ्या तोंडून सरकार बोलतंय असं वाटलं, तर बाकीच्यांचं काय, एवढंच मनात आलं.

कार्यालयात पोहोचले तर सगळे फोन एकदम वाजत होते. चांदूर बाजारच्या बाजूने, भातकुलीच्या बाजूने, जिथून जिथून त्या धरणाखालची नदी जाते तिथून लोक विचारत होते. काही गावांतली माणसं पहाटेच पोरंबाळं घेऊन निघाली होती. आमचे साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, शांत डोक्याचे. त्यांनी मला पहिली गोष्ट विचारली ती ही, की क्लिप कोणी बनवली. त्यांच्या मनात उत्तर तयारच होतं. तिवस्याकडचा एक पत्रकार मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवायचा. आमच्या कार्यालयाची त्याने बरेचदा फजिती केलेली. आज सकाळीच त्याने ती क्लिप वाजवून खाली लिहिलं होतं, 'धरणाला तडे? प्रशासन गप्प का?'

"प्रश्नचिन्ह टाकलं की सुटतो असं वाटतं त्याला," साहेब म्हणाले. "पोलिसांना कळवलंय. तुम्ही खुलासा काढा."

मी काढला. धरण सुरक्षित आहे, क्लिप खोटी आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. ग्रुपांवर टाकल्याबरोबर खाली हसण्याची चित्रं येऊ लागली. एकाने लिहिलं, 'म्हणजे नक्की फुटलं.'

मग मी कानात हेडफोन घालून क्लिप पुन्हा ऐकली. मला ती 'दावणीची जनावरं' टोचत होती. अफवा उठवणारा माणूस इतकं नीटस बोलत नाही. आणि मग आठवलं की ते वाक्य माझं आहे. आदल्या वर्षी नदीकाठच्या गावांमध्ये पुराची रंगीत तालीम घेतली होती. घोषणेचा मजकूर मी लिहिला होता. वरून 'पशुधन' असा शब्द आलेला, तो मी हट्टाने बदलून घेतला होता, कारण पशुधन म्हटल्यावर कोणी गोठ्याकडे पळत नाही. घोषणेच्या आधी आणि शेवटी 'ही तालीम आहे' असं सांगितलं जायचं. क्लिपमध्ये नेमकं तेवढंच नव्हतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हा आवाज आपलाच आहे. मागच्या वर्षीची तालीम आहे ही. तसं सांगून टाकू या."

त्यांनी क्लिप ऐकली. "आणि लोक विचारतील, तालीम कशाला घेतली होती? भिंतीत काही असल्याशिवाय?"

"पण खरं ते आहे."

"खरं आहे म्हणूनच जपून सांगावं लागेल. आता नको."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही. पण केबिनमधून बाहेर येताना पहिल्यांदा मनात आलं, भिंतीत खरंच काही आहे का? मी फोन केला तेव्हा मला जे सांगितलं गेलं तेच मी लोकांना सांगितलं. मी स्वतः तर काही बघितलं नव्हतं.

दुपारी धरणावरून निरोप आला. भिंतीचं काही नाही, पण वर डोंगरात जोरदार पाऊस झाला आहे, पाणी भराभर चढतंय, संध्याकाळच्या आत दरवाजे उघडावे लागतील. नदीकाठच्या खालच्या वस्त्या हलवा. सकाळी ज्यांना घरी बसा म्हटलं, त्यांनाच आता निघा म्हणायचं होतं.

भातकुलीच्या अलीकडच्या एका गावाला मी गाडीने गेले. गावाचं नाव सांगत नाही. सरपंच बाई होत्या, मारुतीच्या पाराजवळ छत्री धरून उभ्या. भोवती वीस-पंचवीस माणसं. मी दरवाज्यांचं सांगितलं. कोणी हललं नाही.

"सकायी म्हने खोटं हाये, आता म्हने निंघा," सरपंच बाई म्हणाल्या. "आमी कोनतं धरावं मॅडम?"

"सकाळी भिंतीचं खोटं होतं ताई. आता दरवाजे उघडणार आहेत, हे खरं आहे."

मागून एक म्हातारा बोलला, "भिंतच गेली असन. दरवाजे म्हनून राहिल्या."

दुसऱ्याला उलटाच संशय होता. तो पहाटे पळाला होता आणि परत येऊन बघतो तर बकरी गायब. "हे सारं चोरट्याईचं काम हाये. गाव खाली करते अन् घरं धुते. मी नाई हालत आता."

मी बोलत राहिले आणि माझेच शब्द मला पोकळ ऐकू येऊ लागले. शेवटी सरपंच बाईंनी विचारलं, "तुमी स्वतः धरन पायलं का?" मी नाही म्हटलं. लोक एकेक करून पांगले.

गाडीत बसून मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, त्या चॅनलवाल्याला धरणावर नेऊ द्या, लोक त्याचं ऐकतात, कारण तो आपल्या विरोधात बोलतो. साहेब हो म्हणाले. मग त्याला फोन लावला.

"भाऊ, धरणावर येता का? जे दिसेल ते दाखवा. आडकाठी करणार नाही."

"काहून? आज आमचा एवढा पुयका काहून आला?"

"गाव निघत नाही म्हणून."

"येतो. पन मी इचारीन ते इचारीन."

धरणावर आम्ही वेगवेगळे पोहोचलो. तरुणच होता, रेनकोटच्या आत मोबाइल जपून धरलेला. तिथल्या अभियंत्यांना तो आल्याचं मुळीच आवडलं नाही. "भिंतीचं शूटिंग करता येत नाही," ते म्हणाले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं सुरू." मी साहेबांची परवानगी सांगितली तेव्हा ते बाजूला झाले आणि त्याने लाइव्ह सुरू केलं.

भिंतीच्या पायथ्याशी एक लांब ओला पट्टा होता. त्याने कॅमेरा तिथेच नेला. "हे काय झिरपून राहिलं साहेब?"

"मातीचं धरण थोडं झिरपतंच. ते पाणी नालीतून जातं, आम्ही रोज मोजतो. ते गढूळ आलं तर काळजी. बघा, स्वच्छ आहे."

मीही वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. पण स्वच्छ पाणी म्हणजे भिंत शाबूत, हे मला त्यांच्याच तोंडून कळत होतं, ते पटवून घ्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यालाही हे कळलं असावं, कारण त्याने तो विषय सोडला आणि एकदम विचारलं, "साहेब, तुमी राह्यता कोठी?"

अभियंत्यांनी खाली हात केला. भिंतीच्या अगदी खाली, शंभर पावलांवर, पिवळ्या क्वार्टरांची रांग होती. एका दारात लहान सायकल उभी होती.

"घरचे गेले का गावाले?"

"गावाला कशाला? बायको पोरं इथंच आहेत. भजे तळत असेल ती."

त्याने कॅमेरा त्या क्वार्टरकडे वळवला. दारात एक बाई येऊन उभी राहिली, हाताला पीठ, हे काय चाललंय म्हणून बघत. तो हळू आवाजात म्हणाला, "लोकहो, भिंतीखाली साहेबाची बायको सैपाक करून राहिली. भिंत गेली नाई. पन दरवाजे उघडून राहिले, हे खरं हाये. खालच्या वस्तीतल्याईनं निंघा."

माझ्या सगळ्या खुलाशांनी झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने झालं. सरपंच बाईंचा फोन आला, लोक शाळेकडे निघाले म्हणून. ज्याची बकरी गेली होती तोही गेला, मात्र घराला दोन कुलपं लावून.

भोंगा झाला, दरवाजे उचलले. पाणी इतक्या मोठ्याने पडायला लागलं की बोलणं ऐकू येईना. तो शूटिंग करत होता तेवढ्यात त्याच्या भावाचा फोन आला. तो बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याने लाइव्ह बंद केलं होतं.

"घरी पोलिस आले होते," तो माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला. "कॉम्प्युटर घेऊन गेले. मी अथी धरनावर असताना."

त्याने मोबाइल रेनकोटच्या आत सारला.

"तुमीच बलावलं ना मले?"

"भाऊ, ते आज येतील हे मला माहीत नव्हतं."

त्याने मान हलवली, हो अशी नाही, नाही अशीही नाही, आणि मोटारसायकलला किक मारली. मी तिथेच भिजत उभी होते. साहेब इतक्या पटकन हो कसे म्हणाले, हा विचार मला तेव्हा आला. एरवी साध्या फोटोसाठी ते दहा प्रश्न विचारतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "योगायोग आहे. पोलिस मला विचारून जात नाहीत." असेलही. मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या गावात खालच्या ओळीतल्या घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. माणूस एकही गेला नाही. आमच्या बातमीत 'प्रशासनाच्या तत्परतेमुळे' असं छापून आलं. ते शब्द मी लिहिले नव्हते.

त्याच्यावरचं प्रकरण काही महिन्यांनी मिटलं, कॉम्प्युटर परत मिळाला. माझे फोन घेणं मात्र त्याने बंद केलं. पुढच्या हिवाळ्यात मी आईकडे गेले होते, तेव्हा अकोल्याच्या बसस्टँडवर तो अचानक समोर आला. चहा घेता का, असं त्यानेच विचारलं.

"क्लिप कोनी टाकली, सापडलं मले," तो म्हणाला. स्वतःचं नाव साफ करायला तो एकेका माणसाला विचारत मागे मागे गेला होता, ही तुला कोणी पाठवली, तिला कोणी पाठवली, असं करत इथे अकोल्यात येऊन पोहोचला. मी गेले होते त्याच गावची एक लेक इथे दिली आहे. आदल्या वर्षी तालीम चालू असताना तिच्या आईने दारातून रेकॉर्ड करून तिला पाठवलं होतं, घरातून दारात येईपर्यंत सुरुवातीचं राहून गेलं, आणि शेवटाआधीच रेकॉर्डिंग तुटलं. यंदा पाऊस बघून लेकीने ते भावाला पाठवलं, की मागच्या वर्षी सांगितलं होतं तसं कर, जनावरं सोडून दे. भावाने पुढे पाठवलं आणि मधला तो निरोप गळाला.

"म्हणजे तिने आपलं ऐकलं होतं," मी म्हटलं.

"हाव. तुमचं ऐकनारी तेवढीच एक निंघाली." तो थोडा हसला. "थ्या बाईचं नाव म्या कुठं सांगितलं नाई. तुमीही इचारू नोका."

मी विचारलं नाही. चहा संपला. त्याची अमरावतीची गाडी लागली होती. उठताना त्याने पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांगा मॅडम. त्या दिवशी पोलिस येनार, हे तुमाले माईत होतं का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि गाडीत चढला. त्याला ते पटलं की नाही, हे त्याच्या आवाजावरून मला ओळखता आलं नाही.