चाकांना मोजे

"ताई, चपला इथंच काढायच्या," जयश्रीताई म्हणाल्या.

"माझ्या पायात चप्पल नाही," नलिनीबाई म्हणाल्या.

"मग चाकं."

"चाकं काढून ठेवू?"

"म्हणजे खुर्ची हो. बैठकीवर बाहेरचं काही चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे."

मी दहा फुटांवर शिडीवर चढून झालर ठोकत होतो. हातातला हातोडा तसाच राहिला. संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. अमरावतीतल्या तीन दिवसांच्या संगीत महोत्सवाचं उद्घाटन दुपारीच उरकलं होतं, पहिलं गाणं सहा वाजता होणार होतं. मी अकोल्याचा मंडपवाला. तीस वर्षं झाली या धंद्यात, पण व्हीलचेअरला चपला काढायला सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं. जयश्रीताईंच्या छातीवर बिल्ला होता, 'पादत्राण व्यवस्था प्रमुख'. आणि त्यांच्या डोक्यावर, मीच बांधलेल्या बॅनरवर लिहिलं होतं, 'संगीत सर्वांसाठी'.

आमच्याकडे मैफिलीत पुढं बैठक असते. अर्धा फूट उंचीचा पाट, त्यावर गाद्या, पांढऱ्या चादरी, टेकायला लोड. खुर्च्या मागं. खरं गाणं ऐकायचं तर बैठकीवरच, अन् तिथं चपला घालून कोणी जात नाही. हा रिवाज मलाही पटतो. चादरी धुवून आणाव्या लागतात त्या मलाच.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. महोत्सवाचे अध्यक्ष वकीलसाहेब. पंधरा दिवस आधी त्यांचा फोन आला.

"वानखडे, यंदा आपला महोत्सव इन्क्लुझिव्ह आहे."

"बरं साहेब. म्हणजे काय करू?"

"स्टेजला रॅम्प करा. उद्घाटनाला दिव्यांग बांधवांचा सत्कार ठेवलाय."

रॅम्प म्हणजे उतार. त्याचा हिशेब सोपा आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते, तेव्हा माणूस स्वतःच्या हातानं चाक ढकलत वर जातो. स्टेज चार फूट. म्हणजे अठ्ठेचाळीस फूट.

"अठ्ठेचाळीस? अहो, तिथं मान्यवरांचे सोफे आहेत!"

"मंग सोफे मांगं घ्या ना साहेब."

मग साहेब म्हणाले, "आठ फुटांत बसवा."

बसवला. कमिटीनं सांगितलं ते मंडपवाला बसवतो. आठ फुटांच्या त्या रॅम्पवर व्हीलचेअर चढत नाही, फक्त उतरते. तीही एकदाच. सत्काराला तिघांना चौघाचौघांनी उचलून वर नेलं, शाल घातली, फोटो काढला, उचलून खाली आणलं. रॅम्पवर फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. छान दिसत होत्या.

सत्कार झालेल्यांच्या बसायची सोयही होती बरं का. 'दिव्यांग कक्ष', चार नंबरच्या गेटजवळ, दोरी बांधून, स्वतंत्र बॅनर लावून. तिथपर्यंत गाडी थेट येते म्हणून. त्याच गेटजवळ डीजी उभा होता. डीजी म्हणजे ट्रकएवढा जनरेटर. मी साहेबांना दोनदा म्हटलं होतं, तिथं गाणं ऐकू नाही येत. ते म्हणाले, "त्यांना लांब यायचा त्रास नको."

काय माया आहे! डोळे भरून आले माझे. डिझेलचा धूर होता.

नलिनीबाई अकोल्याच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या. माझ्या बहिणीलाही त्यांनीच शिकवलं, त्यात यश आलं नाही, पण तो दोष बाईंचा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, पाय गेले. डावा हात अन् जीभ शाबूत. दोन्ही जोरात चालतात. दहा मिनिटं कक्षात बसल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं, "वानखडे, तुमचा डीजी एकाच सुरात गातो, पण पक्का हो. गुरू कोण त्याचा?"

बाई सत्कारासाठी आल्याच नव्हत्या. त्यांची शिष्या आफरीन त्या दिवशी पहिलं गाणं गाणार होती. बाळापूरची पोरगी, आठ वर्षं बाईंकडे शिकलेली. कमिटीनं त्या वर्षी स्थानिक कलाकारांना अर्धा तास दिला होता, तोही ट्रायलवर. बरं झालं तर पुढं चालू, नाही तर बंद, आणि तो वेळही बाहेरच्या पाहुण्यांना. म्हणजे एका पोरीच्या अर्ध्या तासावर वऱ्हाडातल्या सगळ्या गाणाऱ्यांचा दरवाजा टांगलेला.

थोड्या वेळापूर्वीच ती ग्रीनरूममधून धावत माझ्याकडे आली होती.

"चाचा, बाई कुठं बसवल्या?"

"डीजीजवळ."

"या अल्ला! मले त्यायचा हात दिसला पाह्यजे. घाबरली की माझी सम सुटते."

सम म्हणजे ताल फिरून जिथं येऊन मिळतो ती जागा. गाणाऱ्यानं तिथं बरोबर पोचायचं असतं. सम चुकली की समोरच्या लोडाला टेकलेला प्रत्येक जण एकमेकाकडं बघून हसतो. आफरीनला समोर बाईंच्या हाताचा ठेका बघून गायची सवय. म्हणून तिचे अब्बा हनीफभाई बाईंची खुर्ची ढकलत बैठकीपाशी आले, अन् चपलांच्या नियमात अडकले.

"आपण असं करू," जयश्रीताई म्हणाल्या, "चार जण बोलावते, बाईंना उचलून गादीवर बसवतील."

"माझ्या कमरेत जोर नाही. लोडावरून घरंगळले तर चादर मळेल तुमची."

तेवढ्यात वकीलसाहेब आले. "बाई, तुमच्यासाठी खास कक्ष केलाय ना."

"कक्षात मी आहे साहेब. गाणं इकडं आहे."

"पण नियम मोडून कसं चालेल? नियम सगळ्यांना सारखा, यालाच तर इन्क्लुझिव्ह म्हणतात."

माझं डोकं सणकलं. खाली उतरलो.

"साहेब, बाहेरची धूळ आत नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"मोजे घालून चालते?"

"मोजे चालतात," जयश्रीताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी प्रमुख पाहुणे मोज्यांवरच बसले होते."

"झालं तं मंग! चाकाईले मोजे घालतो."

साहेब हसले, त्यांना गंमत वाटली. मला राग आलेला होता. झालरीचा पांढरा कपडा फाडला. हनीफभाईंचं बाळापूरला कापडाचं दुकान. "सरका भाऊ, कपडा आपलं काम हाय," म्हणत ते खाली बसले अन् चारही चाकांना अशा घट्ट पट्ट्या गुंडाळल्या की नवरदेवाच्या घोड्यालाही हेवा वाटावा.

खरं काम पुढं होतं. गादीत चाक रुततं. पहिल्या रांगेतल्या दोन गाद्या अन् एक लोड उचलला, खाली प्लाय टाकला, वर चादर ताणली. पाट अर्धा फूट, म्हणजे रॅम्प सहा फूट. स्टेजचे उरलेले प्लाय होतेच. वीस मिनिटं लागली. तो लोड 'अध्यक्ष परिवार' म्हणून राखीव होता, हे मला चिठ्ठीवर दिसलं होतं. चिठ्ठी खिशात टाकली.

सहाला आफरीन गायला बसली. सुरुवातीलाच आवाज कापला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग तिनं समोर बघितलं. बाईंचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पडत होता, हळूच, बरोबर ठेक्यात. पोरगी सावरली. द्रुत लयीत एक लांब तान घेतली अन् धाडकन समेवर उतरली. पहिली दाद बैठकीतून आली नाही, मागच्या खुर्च्यांतून आली. "जियो बेटा!" हनीफभाईच ते. मग सगळं मैदान. मी शिडीपाशी उभा होतो. या वेळी धूर नव्हता, मी रडलो. कावून खोटं बोलू?

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मोजे घातलेली खुर्ची, बाजूला हसरे वकीलसाहेब, खाली 'आयोजकांची अभिनव कल्पना'.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. स्थानिकांचा अर्धा तास यंदाही आहे. आफरीननंतर आता अकोल्याचा एक जण गाणार. वकीलसाहेबांचा फोनही आला.

"वानखडे, यंदा मोजे हवेत. महोत्सवाचा लोगो छापून."

"रॅम्प किती फुटी, साहेब?"

"आठच."

"अन् कक्ष?"

"चार नंबर गेट. तिथंच मोजे वाटू."

मोज्यांची ऑर्डर मी घेतली. त्यासोबत बैठकीचा नकाशा पाठवला. पहिल्या रांगेत, मधोमध, तीन खुर्च्यांएवढी जागा कोरी ठेवून अन् त्याला सहा फुटांची वाट जोडून. साहेबांनी लगेच फोन केला, "इथं काय आहे?"

"खांब येते साहेब. त्याले हलवता नाई येत."

"मग असू द्या," साहेब म्हणाले.

तीस वर्षांत एवढंच शिकलो. पहिल्या रांगेत माणसासाठी जागा मागा, मिटिंग होते. खांबासाठी मागा, कोणी विचारतही नाही.