पाहुण्याच्या तोंडी घातलेलं वाक्य

“मले नाही, मला. पुन्हा म्हणा.”

भरल्या वर्गात विभागप्रमुख मला म्हणाले. मी विद्यार्थी नव्हतो. अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राचा हंगामी अध्यापक होतो. इंग्रजी पुस्तकातला धडा मराठीत समजावताना घरची बोली तोंडून निघून गेली, आणि सर नेमके मागच्या बाकावर. त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं. पोरं हसली. निम्मी दर्यापूरकडची, घरी मलेच म्हणणारी. तरी हसली. मला राग आला नाही, लाज वाटली. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

मला नोकरीत कायम व्हायचं होतं. आम्ही माळी. बाप अकोल्याजवळ मळा करायचा, माय जुन्या शहरात भाजी विकायची. कॉलेजात शिकवणारा घराण्यात मी पहिला. म्हणून तोंड आवळून राहिलो. सुटीत घरीसुद्धा पुस्तकासारखं बोलू लागलो. बाप म्हणाला, “काऊन रे, असा बोलून राहिला? आमी काय तुह्ये सायेब आहो?” मी खाली मान घालून जेवलो.

त्या हिवाळ्यात नॉर्वेचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. बाजारात किंमत कशी ठरते, याच्या सिद्धान्तावर त्यांचं नाव झालेलं. शेवटी एका पोरानं विचारलं, तुम्ही इथवर कसे पोचलात? पाहुणे इंग्रजीत बोलले. बाप कोळी. धक्क्यावर मासळीचा लिलाव बघत वाढलो, सिद्धान्त तिथंच सुचला. आजही विद्यापीठात मी माझ्या गावच्या बोलीतच शिकवतो, आमच्याकडे त्याला कोणी हसत नाही.

मराठी करून सांगायचं काम सरांकडे होतं. त्यांनी घसा खाकरला.

“पाहुणे म्हणतात, गावंढळपणा टाकला म्हणून मी प्राध्यापक झालो.”

पोरांनी माना डोलावल्या. काहींनी वहीत लिहूनही घेतलं. माझे कान तापले. सर माझ्याकडेच बघत होते. मला इंग्रजी कळतं हे त्यांना ठाऊक होतं. मी गप्प बसेन, याचीही खात्री होती.

मी उभा राहिलो.

“सर, त्यायनं असं नाई म्हटलं. ते म्हणतात का मी माह्या गावच्या बोलीतच शिकवतो. तुमी खोटं सांगून राहिले.”

या वेळी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी कोरा कागद पुढे केला. माफी लिहा, नाहीतर उन्हाळ्यानंतर येऊ नका. दौतही त्यांनीच सरकवली. हात क्षणभर दौतीकडे गेला, खोटं कशाला बोलू. बापाचं तोंड आठवलं, मायची टोपली आठवली. मग मी दौतीला बूच लावलं.

तिथून सरळ वर्गात गेलो. पाहुण्यांचं बोलणं मराठीत, शब्द न गाळता फळ्यावर लिहिलं. ज्यांच्या वहीत खोटं वाक्य होतं, त्यांना ते माझ्यासमोर खोडायला लावलं.

उन्हाळ्यात नोकरी गेली. माफी मी आजही लिहिणार नाही.