कुमुदआत्यांच्या फाइलीत नसलेली गोळी

कुमुदआत्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं काढून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आता नोएडात आमच्याकडेच असतात. कागद टॅग लावून फाइलीत घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. औषधांचीही फाइल आहे.

त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून माझ्या मुलीनं, अलकनंदानं, गुरुग्रामहून येताना मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या. "आत्याआजी, हा ग्लायसिनेट प्रकार आहे, पोटाला सौम्य. बिल्कुल सेफ!"

मी तिथेच भाजी चिरत होते. चिरत राहिले.

तीन आठवड्यांनी अलकनंदा पुन्हा आली होती, तेव्हा दुपारी जेवताना आत्या हातात घास धरून पेंगल्या. हाक मारली की डोळे उघडत, पुन्हा मिटत. नाडी मंद. मी आणि अलकनंदानं त्यांना गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी फाइल चाळली. "किडनी तो पहले से कमज़ोर है. और क्या लेती हैं?"

"फाइल में सब है," मी ठामपणे म्हणाले.

"आई," अलकनंदानं माझी बाही ओढली, "माझ्या गोळ्या आहेत त्यात?"

नव्हत्या. फाइलीत होतं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेवढंच औषध. दुकानातून आणलेलं आत्यांच्या लेखी औषधच नव्हतं. नवऱ्याला फोन करून त्यांचं कपाट उघडायला लावलं. गोळ्यांच्या डबीमागे पोट साफ होण्याच्या औषधाची बाटली निघाली, निम्मी संपलेली.

"उसमें भी मैग्नीशियम है," डॉक्टर म्हणाले. प्रकार कितीही सौम्य असो, दुबळ्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठत जातं. शिरेतून कॅल्शियम सुरू केलं. "शाम तक देखते हैं. नहीं उतरा तो डायलिसिस."

चार तास अलकनंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

सहा वाजता रिपोर्ट आला. रक्तातल्या मॅग्नेशियमचा आकडा उतरला होता. थोड्या वेळानं आत्यांनी डोळे उघडले.

"माझ्यामुळे झालं, आत्याआजी."

"तुझा नुसता प्रस्ताव होता गं. मंजुरी मी दिली. तीही फाइल न बघता."

मग फाइल मागितली. हाताला सलाइनची सुई होती, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मॅग्नेशियम, कुठल्याही प्रकारातलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

"बाटलीचंही लिही."

लिहिलं. खाली सही मात्र त्यांनी स्वतःच केली, वाकडीतिकडी.