दरवाज्यामागचा पिवळा

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या पांढऱ्या गाडीला पिवळं ठिगळ लावलं. हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांना ऐकवलं की पुढे पुढे मी "उभं आयुष्य" म्हटलं की उरलेलं तेच पूर्ण करायचे.

गाडी म्हणजे फिरतं घर होतं. कुणा हौशी माणसानं जुन्या टेम्पोच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवून घेतली होती. आत रात्री पलंग होणारे बाक, शेगडी, बेसिन, कपाट. हौस फिटल्यावर त्यानं ती विकायला काढली आणि आमच्या ह्यांनी मला न विचारता घेतली. मीही मास्तरीणच, प्राथमिकची. मला वाटत होतं, आता जरा घरात बसू, दुपारचं झोपू. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पडदे कुठल्या रंगाचे यावरून भांडले, तेव्हा मी राजी झाले असं त्यांनी धरून टाकलं.

त्या गाडीची ओळख लोकांना कधीच पटली नाही. शिंगणापूरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी विचारलं, रक्तदान कुठल्या दारानं करायचं? राळेगणला एक म्हातारेबाबा सरळ पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "डोळं तपासायचं हायती. लई दिस झालं, काय दिसंना नीट." ह्यांनी त्यांना आत घेतलं, चहा दिला, आणि लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावून वर सल्लाही दिला की तालुक्याला जाऊन मोतीबिंदू दाखवा. मी बेसिनपाशी तोंडात पदर घालून हसत होते.

फायबर गंजत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला काही करावं लागत नाही. हे ऐकलं की आमचे हे वर्गात उभं राहिल्यासारखे सुरू व्हायचे. फायबरचा वैरी ऊन. वरचा चकचकीत थर असतो तो जेलकोट, ते त्याचं कातडं. उन्हानं ते पिठूळ होतं, हळूहळू पिवळं पडतं, हात फिरवला की भुकटी लागते. वेळेवर घासलं नाही तर कातडं झिजून आतले काचेचे धागे उघडे पडतात, त्या धाग्यांच्या वाटेनं पाणी आत शिरतं, आणि मग काही खरं नसतं. दोघांचाही जन्म खडूत गेलेला, त्यामुळे भुकटीचं आम्हाला काही वाटायचं नाही. घासायचा दिवस ठरलेला होता. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, आम्ही गाडी घासायचो. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, मग रबिंग कंपाउंड लावून फडक्यानं गोल गोल घासायची, पिवळट भुकटी निघून खालचा पांढरा वर आला की वॅक्स लावायचं. संध्याकाळी कंपाउंडचा डबा, पॉलिश पेपर आणि त्यांचे ब्रश पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला झेंडूची माळ, आणि गाडी नव्या नवरीसारखी उभी.

ते ठिगळ लागलं भंडारदऱ्याच्या एका फेरीनंतर. भात काढून झालं होतं. अकोले गावाच्या पुढे रस्ता अरुंद, डाव्या कडेला पेंढ्यानं भरलेला टेम्पो उभा होता, आणि पेंढा आवळायला लावलेला बांबू बाहेर आलेला कुणालाच दिसला नाही. दरवाज्याच्या मागे खाडकन आवाज झाला. उतरून बघतो तर तळहाताएवढं भोक, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. टेम्पोवाला भला माणूस होता. तो आधी डोक्याला हात लावून उभा राहिला, मग म्हणाला, "आमचं बी चुकलं, सर, पर तुमी बी गाडी लई चिकटून घेतली व्हती." ते खरंच होतं, म्हणून ह्यांना जास्त राग आला.

नगरला एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, दरवाजे करणारे पुष्कळ. पण ह्यांना गाडी कुणाकडे द्यायचीच नव्हती. दोन दुपारी एका कारखान्यात जाऊन बसले, चहा पाजून पाजून सगळं विचारून घेतलं आणि रेझिन, हार्डनर, काचेच्या धाग्यांची मॅट असं सामान घेऊन आले. भोकाच्या कडा कापून त्यांना उतार दिला. आतून मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चिकटवले. मी मॅट कापून देत होते. ते बारीक धागे अंगाला लागून आम्ही दोघं आठवडाभर खाजवत होतो, आणि शेजारच्या वहिनी आम्हाला लांबूनच बोलत होत्या.

इथवर सगळं उत्तम झालं. राहिला वरचा जेलकोट. गाडी पांढरीशुभ्र नव्हती, दुधावरच्या सायीसारखी होती. म्हणजे पांढऱ्यात कणभर पिवळा. तो कणभर म्हणजे किती, हे ह्यांच्याइतकं कुणाला कळणार? मी म्हटलं, सकाळी करा. पण चित्रकलेच्या मास्तरांना प्राथमिकच्या मास्तरणीनं रंगाचं काय सांगावं! दिवेलागणीला पत्र्याच्या शेडमध्ये, पिवळ्या बल्बखाली त्यांनी रंग कालवला. पिवळ्या उजेडात पिवळा कुठला दिसायला? ते थोडा थोडा घालत गेले. पसंत पडला, लावला, वाळला. सकाळी उन्हात बघतो तर गाडीच्या अंगावर चांगलं ताटलीएवढं पिवळं.

मी हसून हसून खाली बसले. ते कमरेवर हात ठेवून, एक डोळा मिटून बघत राहिले. मुलांची चित्रं ते तसेच बघायचे. मग शांतपणे म्हणाले, "राहू दे. गाडी जुनी होईल तशी पिवळी पडेल, आणि हा उन्हानं थोडा उडेल. मिळून येईल."

"म्हणजे तुमचं चित्र बरोबर ठरवायला अख्ख्या गाडीनं बिघडायचं?"

"बिघडायचं नाही. जुनं व्हायचं."

पुन्हा घासून नीट रंग लावणं काही अवघड नव्हतं. पण माणूस हट्टाला पेटला की पेटला. त्यानंतर दर खंडेनवमीला घासण्याआधी ते चार पावलं मागे जायचे, डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "आला बरं का जवळ." मी म्हणायचे, "काही नाही आला." आणि मग आम्हीच दोघं घासून घासून गाडी पुन्हा पांढरी करायचो, की ठिगळ पुन्हा ठळक. एकदा मी म्हटलं, "अहो, दरवर्षी आपणच ती नवी करतो, मग जुळणार कसा?" त्यांनी हातातल्या फडक्याची घडी उलटली. "तेही खरं," म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

मग एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातला ब्रश पडला. उजवी बाजू गेली. वाचा गेली म्हणत नाही, पण जी राहिली ती मला एकटीलाच कळायची. पलंग खिडकीशी लावला. खिडकीतून गाडी दिसायची, पण ड्रायव्हरची बाजू. दरवाज्याची बाजू पलीकडे, आवाराच्या भिंतीकडे. डॉक्टरांनी, फिजिओवाल्यानं, मी, सगळ्यांनी प्रयत्न केले. तो हात काही उठला नाही. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर दाखवलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दोघं मिळून घासू. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं नाही. नुसते बघत राहिले. गाडीवर धूळ, चिंचेचा पाला, कावळ्यांची घाण. तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता आणि खरं सांगते, जीवही नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

आमची मुलगी बंगळूरहून फोनवर म्हणाली, आई, गाडी विकून टाक, नुसती झिजतेय. बरोबरच होतं तिचं. मला गाडी चालवता येत नाही, आणि एकटी बसून मी कुठे जाणार होते? भंडारदऱ्याच्या बाजूचं एक तरुण जोडपं आलं. धरणाच्या काठी तंबू लावून पर्यटकांना राहायला देतात दोघं. त्यांना गाडी आवडली. ती मुलगी आतल्या पडद्यांवरून हात फिरवत म्हणाली, "किती ग्वाड हायेत, बाई." दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायची ठरली. मी म्हटलं, घासून देईन, तशी देणार नाही. तर दोघं म्हणाली, आमी बी येतो मदतीला, आमाला शिकवा.

खंडेनवमीला सकाळीच ती दोघं आली. त्यानं नळी लावून धूळ उतरवली. मी मनाशी ठरवलं होतं की पहिल्यांदा त्यांना ठिगळ दाखवायचं. विकणाऱ्यानं खरं सांगावं, इथे भोक पडलं होतं, आम्ही भरलंय. आणि खरं तर मलाच ते सगळ्यांत आधी बघायचं होतं. गाडीचं बाकी काही गेलं तरी मला त्याचं काही नव्हतं. त्यांच्या हातचं एवढंच होतं तिच्यावर.

भिंतीकडच्या बाजूला गेले. दरवाज्याच्या मागे ओलं फडकं फिरवलं. ठिगळ नव्हतं.

वाटलं, अजून धूळ असेल. पुन्हा पुसलं. मग वाटलं, जागा चुकतेय. वर बघितलं, खाली बघितलं, चष्मा पुसून बघितलं. सगळीकडे एकच रंग, जुन्या कागदासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी डोळे मिटले आणि तळहात फिरवत गेले. एका जागी जरासा उंचवटा लागला. मॅटचे थर होते ते. तिथेच होतं. हात तसाच ठेवून डोळे उघडले, तरी कडा दिसेना.

मिळून आला होता.

मी पायरीवर बसले आणि रडले. आडोसा बघायचंही सुचलं नाही. ते बरोबर होते. वर्षानुवर्षं मी हसले, पाहुण्यांना हसवलं, आणि तो माणूस बरोबर होता. आणि सांगायचं कुणाला? रंग नक्की कधी मिळाला कुणास ठाऊक. ते असतानाही मिळाला असेल. ते खिडकीशी पडलेले, आणि ही बाजू भिंतीकडे. मधे नुसती एक गाडी होती.

त्या मुलीनं पाणी आणून दिलं. मी तिला सगळं सांगितलं, ठिगळाचं, बल्बचं, डोळा मिटण्याचं. तिचा नवरा नळी हातात धरून ऐकत होता. मग तो हळूच म्हणाला, "बाई, मंग ही बाजू तशीच राहू द्या. आमचं काय न्हाई."

क्षणभर मला तेच हवं होतं. घासलं की पिवळट थर जाणार, खालचा पांढरा वर येणार आणि ठिगळ पुन्हा चुकीचं दिसणार. ते पुन्हा चुकणार, आणि या वेळी माझ्या हातानं. पण मी हात फिरवला तर तळव्याला भुकटीचा जाड थर लागला. एकदोन ठिकाणी तर धाग्यांची खरखर लागायला लागली होती. आणि गाडी जाणार भंडारदऱ्याला. तिथला पाऊस नगरसारखा नावापुरता नसतो. तशीच दिली असती तर एका पावसाळ्यात पाणी आत गेलं असतं, आणि रंगाबरोबर ठिगळही सुटून पडलं असतं. ह्यांनी ते मला कधी करू दिलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "घासायची. पण ही बाजू मी घासणार."

हात पूर्वीसारखा चालत नव्हता. कंपाउंड लावायचं, गोल गोल घासायचं, पुसायचं. आधी दरवाज्याच्या वरचा पांढरा उघडा झाला, मग खालचा. उंचवट्याच्या जागेवर मी जोर कमी केला, तरी भुकटी निघालीच. दुपार कलताना त्याची कड दिसली. मग सगळंच दिसलं. ताटलीएवढं, पिवळंधमक, त्या सकाळी दिसलं होतं तसंच. मी चार पावलं मागे गेले. एक डोळा मिटून बघायला गेले, तर मला मेलं कधी एक डोळा मिटता येत नाही. दोन्ही मिटले.

त्यांनी दोघांनी पलीकडची बाजू लख्ख केली होती. ती मुलगी हात पुसत आली, ठिगळाकडे बघून तिनं फडक्यावर नवं कंपाउंड घेतलं. सकाळी ऐकलेलं तिच्या डोक्यातून गेलं असावं.

"बाई, हितं डाग राहिलाय बगा. अजून घासू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "गाडी जुनी झाली की मिळून येईल."

ती हसायला लागली. अगदी तसंच, खाली बसेपर्यंत. "म्हंजी ह्याच्यापायी सगळी गाडी पिवळी व्हायची व्हय?" तिचा नवराही हसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"वेळ लागेल त्याला," मी म्हटलं. "पण येईल. दर दसऱ्याला दोघांनी या बाजूला येऊन बघायचं. आणि ज्याला आधी दिसेल त्यानं दुसऱ्याला लगेच सांगायचं."

"व्हय, बाई," ती म्हणाली आणि कंपाउंडच्या डब्याला झाकण लावून तो पाटावर ठेवायला आत घेऊन गेली.