चुलत बहिणीची जन्मनोंद

माझ्या चुलत्याने एका विधवेशी पाट लावला होता. तिची मुलगी आधीच्या नवऱ्याची, आईच्या कडेवर आली, ती चुलत्याची नव्हे, असं घरात बोललं जायचं. वंशावळ लिहिताना मी भोकरदनला जन्माच्या जुन्या नोंदी पाहिल्या होत्या. त्या उर्दूत, साल फसली, म्हणजे निजामाच्या काळचं. इसवी सनावरून फसली साल काढताना मी चुकलो, एकच वही पाहिली आणि नोंद नाही म्हणून बहिणीचं नाव गाळलं. खरं तर मला ती नोंद सापडायला नकोच होती. जमिनीत बहिणीचा वाटा निघाला असता.

ते मनाला डाचत राहिलं, म्हणून यंदा उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना घेऊन मागच्यापुढच्या सालांच्या वह्याही काढायला लावल्या. पुढच्याच सालात आमचं गाव, मुलगी, आणि बाप म्हणून चुलत्याचं नाव निघालं.

नक्कल घेऊन पिंपळगाव रेणुकाईला बहिणीकडे गेलो. तिने कागद हातातही घेतला नाही.

"मला काय दाखवून राह्यला, भाऊ? मला माझा बाप ठाऊक व्हता," ती म्हणाली. "ज्यांना तू न्हाई म्हणून सांगितलं, त्यांना दाखव."

उद्या भावकी बसणार आहे. नोंद मीच वाचणार, आणि तेव्हा शोध अर्धवट का सोडला तेही सांगणार.