चकचककाका आणि चौथा मुद्दा

चकचककाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस गल्लीत उरलं नव्हतं, आणि काकांना त्याचं काही वाटतही नसे. शाळेच्या फाटकासमोर त्यांचं दुकान, एक झेरॉक्सचं आणि एक लॅमिनेशनचं मशीन मावेल एवढंच. बत्तीस वर्षं ते लोकांचे कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून चकचकीत करत आले होते. जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, भाडेकरार. एका हौशी बाईने तर मांजराच्या लसीचं कार्डसुद्धा आणलं होतं. कोणी कागदाची चौपदरी घडी घालून आणली, की काका त्याच्याकडे असे बघायचे जणू त्याने तान्हं पोर उलटं धरलंय.

मशीन घेतलं त्या दिवशी त्यात सगळ्यात आधी गेला तो काकूंचा दाखला. काकू चार वर्षांच्या असताना आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडून आल्या होत्या. सीमेवरच्या छावणीत मिळालेला तो प्रवेशाचा दाखला हा त्यांचा एकमेव पुरावा. त्याच्या कोपऱ्यात बिनशाईचा, नुसता दाबून उठवलेला गोल शिक्का होता. लहानपणी त्यावर बोट फिरवत फिरवत त्यांना झोप लागायची. असा कागद काकांनी सुट्टा कसा राहू दिला असता? दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिक घालून त्यांनी तो बायकोच्या हातात ठेवला होता आणि ते म्हणाले होते, "आता याला काही होत नाही."

निवडून आलेल्या पक्षाची भूमिका काकांना मनापासून पटली होती. सीमेवर पक्कं कुंपण, आत घरोघर तपासणी, कागद नसेल त्याची परत पाठवणी. "घराला दार असतं, दाराला कडी असते," ते जेवताना सांगत. "उगाच कोणीही आत शिरलं तर चालेल का?"

"मीपण त्याच दारातून आलेय," काकू म्हणत.

"तू कडी वाजवून आलीस. तुझ्याकडे कागद आहे."

यावर काकू ताटातली कोशिंबीर इकडून तिकडे करत. वाद घालण्यात त्यांना रस नव्हता. नवऱ्याचा त्या कागदावर जेवढा विश्वास होता तेवढा त्यांचा मात्र कधीच नव्हता.

पक्षाचा शाखाप्रमुख गल्लीतलाच, काकांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. तपासणी जाहीर झाली तेव्हा त्याने काकांना दोन हजार कार्डांचं काम दिलं. खिशात मावेल एवढं कार्ड, वर ठळक अक्षरांत 'आमची भूमिका' आणि खाली पाच मुद्दे. काका तीन दिवस खपले. एकेक कार्ड उजेडात धरून तपासलं. पण या गृहस्थाने काय तपासलं? तर बुडबुडे. प्लॅस्टिकखाली हवा राहिली आहे का, कड सुटली आहे का, एवढंच. दोन हजार वेळा ते पाच मुद्दे डोळ्यांसमोरून गेले आणि काकांनी त्यातली एक ओळ वाचली असेल तर शपथ.

वाचली ती काकूंनी. बायकांच्या तपासणीला एक दिवस उरला होता. दुकान झाडताना उरलेलं एक कार्ड त्यांच्या हाती लागलं आणि केरसुणी तिथेच पडली.

"अहो, हा चौथा मुद्दा वाचलात?"

"काय झालं?"

"'पुरावा मूळ स्वरूपातच हवा. प्लॅस्टिक चढवलेला कागद ग्राह्य धरला जाणार नाही. शिक्का हाताला लागला पाहिजे.'"

काकांनी कार्ड हिसकावून घेतलं. वाचलं, पुन्हा वाचलं. तसेच चपला न घालता ते शाखेवर गेले.

"काका, नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा," शाखाप्रमुख म्हणाला. "खोटे कागद करणारे प्लॅस्टिकआड लपवतात, म्हणून घातलाय. काकूंचं काय एवढं, घरच्याच आहेत. काढून टाका की प्लॅस्टिक!"

काढून टाका की! केळ्याची सालच जशी. चढवलेलं लॅमिनेशन उतरवायचं नसतं, हे काकांनी आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावलं होतं. उतरवताना कागदाचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर जातो आणि अक्षरं त्या पापुद्र्यावर असतात.

दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. दाखल्यावर सुती फडकं अंथरलं, इस्त्री अगदी मंद ठेवली. कड गरम करायची, पातं आत सरकवायचं, कागद सोडतोय की फाटतोय याचा अंदाज घ्यायचा आणि केसभर पुढे जायचं. काकू समोरचा कोपरा दोन बोटांनी धरून बसल्या होत्या. काकूंच्या आईच्या नावापाशी कागद चरचरला. काका थांबले. त्यांनी पातं खाली ठेवून मनगट मांडीवर दाबून धरलं.

"सावकाश," काकू म्हणाल्या. "मी कुठे पळून जात नाहीये."

दीड तासाने दाखला मोकळा झाला. सगळी अक्षरं जागच्या जागी! काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि ते आनंदाने हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचं बोट कागदाच्या कोपऱ्यावर फिरत होतं, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"लागत नाहीये," त्या म्हणाल्या.

काकांनी बोट फिरवलं, मग अंगठा. कागद उजेडात तिरपा धरला. कोपरा कोऱ्या कागदासारखा सपाट होता. त्यांच्या मशीनमध्ये दोन तापलेले रूळ होते आणि त्यांच्या दाबाचा त्यांना किती अभिमान! बत्तीस वर्षांपूर्वी त्या रुळांनी शिक्का दाबून टाकला होता. प्लॅस्टिक होतं तोवर कोणाला कळलं नाही, एवढंच. काकांनी कपाळाला हात लावला आणि ते भिंतीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात बायकांची रांग होती. सोबत आलेल्यांना भिंतीलगत उभं केलं होतं. अर्ध्या रांगेच्या हातात काकांची चकचक होती. एकेक बाई टेबलाशी जाई, कागद पुढे करी आणि तोंड एवढंसं करून परत फिरे. जाताना भिंतीजवळच्या काकांकडे बघे. काकांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

टेबलामागची अधिकारी बाई काही दुष्ट नव्हती. काकूंच्या दाखल्यावर तिने तीनदा बोट फिरवलं.

"शिक्का नाहीये."

काका भिंत सोडून पुढे धावले. "होता! मी सपाट केलाय तो. माझं मशीन आहे, बाई, माझीच चूक आहे. वाटेल तिथे सही देतो."

"काका, उद्या कोणीही येऊन मला हेच सांगेल. मी कोणाकोणावर विश्वास ठेवू?"

जेवताना काका स्वतः हेच बोलत असत. त्यांनी शाखाप्रमुखाकडे पाहिलं. तो टेबलाच्या बाजूलाच होता, गळ्यात काकांनीच लॅमिनेट केलेलं ओळखपत्र घालून. लहानपणी तापात असताना काकूंच्या हातची पेज प्यायलेला हा मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला.

काकूंचं नाव संशयितांच्या यादीत गेलं. सोमवारी एक पिशवी घेऊन शहराबाहेरच्या तपासणी केंद्रात हजर व्हायचं. तिथून पुढे घर की सीमेपलीकडे, ते नंतर कळणार.

पुरुषांची तपासणी लगेच दुसऱ्या दिवशी होती. त्याच संध्याकाळी दुकानात काकांनी काउंटरखालचा पत्र्याचा डबा उघडला आणि आपला जन्मदाखला काढला. बत्तीस वर्षांत स्वतःच्या कागदाकडे बघायला त्यांना फुरसत मिळाली नव्हती. पिवळा पडलेला, कोपरे दुमडलेले, एका बाजूला चहाचा डाग. त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. तो टचटचीत हाताला लागला. हा कागद उद्या एका क्षणात पास होणार होता.

काकांनी मशीन चालू केलं आणि प्लॅस्टिकचा नवा पाऊच घेतला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" काकूंनी त्यांचा हात धरला. "एकाने तरी बाहेर राहायला नको?"

"बाहेर राहून काय करू?" काका म्हणाले. "तिकडे तुला एकटीला धाडून मी इथे लोकांचे कागद गुळगुळीत करत बसू? मला नाही जमणार. त्यांची एकच यादी आहे ना, मग माझंही नाव त्यातच राहू दे."

काकूंनी बराच वेळ त्यांचा हात सोडला नाही. मग त्यांनी दाखला स्वतःकडे घेतला आणि त्या उठावदार गोलावर लहानपणीसारखं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मशीनचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला. त्यांनी चारही कोपरे नखाने सरळ केले आणि कागद नवऱ्यापुढे ठेवला.

"नीट घाला," त्या म्हणाल्या. "बुडबुडा राहायला नको."