डुकराची तिसरी फांदी

सूर्य मावळायच्या आत मला घरी पोचायचं असतं. नवरा नाही, मूल नाही. वाट बघतात त्या समोरच्या फ्लॅटमधल्या बा. त्या जैन, अंधार पडल्यावर काही खात नाहीत, आणि माझं जेवण त्यांच्याकडे असतं. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत दुसऱ्या कुठल्या घरात मी कधी बसलेली नाही. तोंडाने फटकळ आहे मी, लोक चार हात लांबच राहतात. बा माझ्याहून फटकळ, म्हणून आमचं जमलं असावं.

मी जनावरांची डॉक्टर एवढंच त्यांना ठाऊक होतं. ऑपरेशनं शिकायला येणाऱ्या डॉक्टरांसाठी मी डुकरांना भूल देते, हे कळलं तर ते ताट बंद होईल अशी मला भीती वाटायची. आणि दुसरं ताट मला नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात लॅबमध्ये एक नवा भूलतज्ज्ञ आला. आयुष्यभर माणसांना भूल दिलेली, हात तिथेच बसलेला. डुकराचं थोबाड लांबलचक, घसा कुठल्या कुठे खोल. श्वासाची नळी एकदाची आत गेली की ती निसटू नये म्हणून माणूस जरा जास्तच पुढे ढकलतो. त्यानेही तेच केलं. छातीला दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप लावला, हवा जात होती, खूश झाला. थोड्या वेळाने रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला. त्याने मशीनवरचा ऑक्सिजन वाढवला, तरी आकडा उतरतच राहिला.

माणसाची श्वासनळी खाली जाऊन दोन फांद्यांत वाटली जाते. डुकराला त्याच्याही आधी, उजव्या अंगाला एक वेगळी फांदी असते, फुप्फुसाच्या वरच्या तुकड्याला हवा नेणारी. नळी खोल गेली की तिच्या टोकाजवळचा, ती घट्ट बसावी म्हणून हवा भरून फुगवलेला फुगा नेमका त्या फांदीच्या तोंडावर बसतो. बाकी फुप्फुस हलत राहतं आणि तो तुकडा मुकाट्याने मिटत जातो. मी उजव्या पुढच्या पायाच्या बगलेत, वरच्या बाजूला ऐकलं. तिथे शांत होतं.

"अहो, हा माणूस नाहीये!" मी ओरडलेच. फुग्यातली हवा काढली, नळी जराशी मागे ओढली, फुगा पुन्हा भरला, हाताने सावकाश मोठे श्वास दिले. बगलेत हवा वाजली. आकडा चढला. मला इतका आनंद झाला की स्वतःचंच हसू आलं.

सराव संपला. आमची डुकरं नंतर उठत नाहीत. भुलीतच शेवटचं इंजेक्शन असतं, आणि ते मीच देते. सगळे हात धुऊन चहाला गेले. मी त्या डुकराच्या कानामागे हात ठेवून उभी राहिले, मग रिक्षा पकडली.

"आज क्या किया?" ताट वाढताना बांनी विचारलं. रोज विचारतात, रोज मी "काम" म्हणून विषय तोडते. त्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"एक सूअर को बेहोश किया था, बा. उसकी साँस बिगड़ गई थी. मैंने ठीक की."

त्यांचा हात थेपल्यावर थांबला. मी ताटाकडे बघत राहिले. आता उठावं लागणार, असं धरून पाय मोकळेसुद्धा केले.

"सूअर," त्या म्हणाल्या. त्यांनी थेपल्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "बिचारा. कितना घबराया होगा. बच गया?"

खिडकीत अजून ऊन होतं.

"हाँ, बा."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि माझ्या ताटात गरम थेपला टाकला. इतकी वर्षं जी भीती होती ती खोटी निघाली, आणि त्या क्षणी मला जितकं एकटं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं.

आता बा रोज संध्याकाळी आधी त्याची चौकशी करतात. "वो कैसा है?"

"अच्छा है," मी सांगते. "खा रहा है."